वेगवेगळ्या झेंड्यांच्या बायका



निवडणूक आली की मैत्रिणी-मैत्रिणींत अबोला धरला जातो. एकीचं मत एका पक्षाला, दुसरीचं दुसऱ्याला. मग बायकांच्या प्रश्नावर एकत्र कसं यायचं? मला याचं उत्तर १९७२च्या मुंबईत सापडतं.

राज्यात दुष्काळ होता. रेशनचं धान्य पुरेना, गोडेतेल-रॉकेल मिळेना, मिळालं तर परवडेना. तेव्हा महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. तिच्यात मृणाल गोरे, प्रमिला दंडवते समाजवादी. अहिल्या रांगणेकर मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या. तारा रेड्डी भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या. समाजवादी आणि कम्युनिस्टांत १९४२च्या ‘चले जाव’ चळवळीपासूनची अढी. १९६४च्या फुटीनंतर दोन्ही कम्युनिस्ट पक्षांचंही आपसात पटत नव्हतं. शिवाय १९७१ला मुंबईनं इंदिरा गांधींना भरभरून मतं दिली होती, म्हणजे मोर्च्यात चालणाऱ्या कितीतरी गृहिणींची मतंही काँग्रेसचीच असणार. एका हातात थाळी, दुसऱ्या हातात लाटणं घेऊन या सगळ्या रस्त्यावर आल्या. ज्यांना घराबाहेर पडता येत नव्हतं, त्यांनी ठरल्या वेळी घरातूनच थाळ्या वाजवल्या.

हे जमलं, कारण मत कोणाला दिलंस हे तिथे कोणी विचारलं नाही. मागणी साखरेची, तेलाची, रॉकेलची होती; तिच्यासाठी कोणाला आपला झेंडा खाली ठेवावा लागला नाही.

पण या एकजुटीला मर्यादाही होत्या, आणि त्या लपवू नयेत. १९७५ला आणीबाणी आली. मृणालताई, प्रमिलाताई, अहिल्याताई तुरुंगात गेल्या. तारा रेड्डींच्या पक्षानं मात्र आणीबाणीला पाठिंबा दिला. हा मतभेद किरकोळ नव्हता, आणि थाळीच्या आवाजानं तो बुजणाराही नव्हता. पुढे १९७७ला मुंबई उत्तर-मध्यमधून अहिल्याताई लोकसभेत गेल्या आणि १९८०ला त्याच जागेवरून प्रमिलाताई, वेगळ्या पक्षाकडून. प्रमिलाताईंनी तिथे हुंडाबंदी कायदा कडक करण्यासाठी खासगी विधेयक आणलं. १९८४ला कायद्यात दुरुस्ती झाली. हुंड्यासाठी जाळल्या जाणाऱ्या मुली काही एकाच पक्षाच्या घरातल्या नव्हत्या.

आज आपली खरी कसोटी वेगळ्याच ठिकाणी लागते. अत्याचाराची बातमी आली की आरोपी कोणत्या पक्षाचा, हे आपण आधी बघतो. विरोधी पक्षाचा असला तर मोर्चा, आपला असला तर ‘चौकशी होऊ द्या’. तिथे भगिनीभाव संपतो, मग व्यासपीठावर कितीही हात हातात घेतले तरी. शेजारणीनं आपला पक्ष सोडावा अशी माझी अपेक्षा नाही. तिनं आपल्या पक्षाच्या पुढाऱ्याला जाब विचारावा, एवढीच आहे. कारण तिचं मत तो मोजतो, माझं नाही.

म्हणून विनंती करते, या निवडणुकीत मत ज्याला द्यायचं त्याला द्या. पण उमेदवार दारात आला की पीडित मुलीच्या बाजूनं तो उभा राहिला की नाही, हे त्याला विचारा. आणि तो तुमच्याच पक्षाचा असेल, तर आधी विचारा.