शाळेबाहेरचे शिक्षण आणि घराचे दायित्व

(एका व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)



जून महिना जवळ आला की महाराष्ट्रातील घराघरांत एकच लगबग सुरू होते. नवी दप्तरे, पुस्तकांना खाकी कव्हरे, गणवेशाची मापे, रिक्षावाल्या काकांशी बोलणी. काही घरे मात्र या लगबगीत सामील होत नाहीत. त्या घरांत शाळेच्या वयाची मुले आहेत. आईवडील सुशिक्षित, पुष्कळदा उच्चविद्याविभूषित आहेत. शुल्क भरण्याची ऐपत आहे. तरीही त्यांच्या मुलांचे नाव कोणत्याही शाळेच्या पटावर नाही. पुणे, मुंबई, बंगळुरू अशा शहरांत या कुटुंबांचे लहान लहान गट गेल्या काही वर्षांत उभे राहिले आहेत. इंग्रजीत याला होमस्कूलिंग म्हणतात. आपण त्याला गृहशिक्षण म्हणू.

अशा कुटुंबाबद्दल शेजारीपाजारी दोन मते ऐकू येतात. कोणी म्हणते, यांच्या डोक्यात खूळ शिरले आहे. कोणी म्हणते, हे पैसेवाल्यांचे चोचले आहेत. दोन्ही मते सोपी आहेत, म्हणूनच अपुरी आहेत. या पालकांच्या निर्णयाच्या मुळाशी एक जुना आणि गंभीर प्रश्न आहे : मुलाच्या घडणीचे दायित्व मूलतः कोणाचे? शासनाचे, शाळेचे, समाजाचे की कुटुंबाचे?

पालक असा निर्णय का घेतात?

पहिले कारण ओझ्याचे. १९८९ मध्ये आर. के. नारायण यांनी राज्यसभेतील आपल्या भाषणात मुलांच्या पाठीवरील दप्तराचा विषय मांडला. पुढे प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिने १९९३ मध्ये अहवाल दिला. पाठीवरच्या ओझ्यापेक्षा न समजलेल्या विषयाचे ओझे अधिक घातक आहे, हे त्या अहवालाचे सार. त्यानंतर तीन दशके उलटली. आज शहरातील मूल सकाळी सातला घर सोडते, दुपारी परतते, घास पोटात ढकलते आणि शिकवणीला पळते. पालकांच्या मनात साहजिकच येते की, विषय समजावण्याचे काम अखेर शिकवणीत आणि घरीच होणार असेल, तर शाळेतील सहा तास कशासाठी?

दुसरे कारण वेगाचे. पन्नास-साठ मुलांच्या वर्गात शिक्षक सरासरीच्या गतीने शिकवणार. दुसरा इलाजच नसतो. परंतु मूल सरासरी नसते. कोणाला अक्षरओळख उशिरा होते, कोणी गणितात दोन इयत्ता पुढे असते. कोणाला संगीताचा रियाज करायचा असतो, कोणाला बुद्धिबळाच्या पटावर तासन्‌तास घालवायचे असतात. वाचनाची अडचण असलेल्या मुलाला 'ढ' म्हणून मागच्या बाकावर बसवले गेले की त्याचा आत्मविश्वास जातो, आणि तो परत मिळवायला वर्षे लागतात. असा अनुभव आलेले कित्येक पालक नाइलाजाने गृहशिक्षणाकडे वळतात. विचारसरणीचा तेथे काही संबंध नसतो. पोटचे मूल रोज सकाळी शाळेच्या नावाने रडते, एवढेच कारण त्यांना पुरते.

तिसरे कारण भाषेचे आणि संस्कारांचे. घरात मराठी आणि शाळेत इंग्रजी अशा वातावरणात वाढणाऱ्या मुलाला एकोणसाठ म्हणजे किती, हे इंग्रजीत सांगावे लागते. रामरक्षा, मनाचे श्लोक, आजीच्या तोंडच्या गोष्टी, सणांमागचा ऋतुविचार यांना त्याच्या दिवसात जागाच उरत नाही. मुलाने आपल्या भाषेत विचार करावा, आपल्या परंपरेशी त्याचे नाते जुळावे, ही इच्छा काही पालकांना या वाटेवर आणते.

अमेरिकेतही कारणे थोड्याफार फरकाने हीच आहेत. तेथे १९६४ मध्ये जॉन होल्ट या शिक्षकाने मुले शाळेत अपयशी का ठरतात यावर पुस्तक लिहिले आणि पुढे तो गृहशिक्षणाचा पुरस्कर्ता झाला. त्याचा भर मुलाच्या स्वातंत्र्यावर होता. पुढे धर्मनिष्ठ ख्रिस्ती कुटुंबे मोठ्या संख्येने या मार्गाला लागली. २००३ च्या सरकारी पाहणीत तेथे सुमारे ११ लक्ष मुले घरी शिकत होती. त्यांच्या पालकांपैकी ३१ टक्क्यांनी शाळेतील वातावरण हे प्रमुख कारण सांगितले, ३० टक्क्यांनी धार्मिक वा नैतिक शिक्षण आणि १६ टक्क्यांनी अध्यापनाविषयीचे असमाधान. म्हणजे अभ्यासक्रमापेक्षा वातावरणाची आणि मूल्यांची चिंता मोठी होती.

परंपरा काय सांगते?

गृहशिक्षण ही पाश्चात्त्यांकडून आलेली टूम आहे, असे समजण्याचे कारण नाही. १८२२ मध्ये मद्रास इलाख्याचा गव्हर्नर थॉमस मन्रो याने देशी शिक्षणाची पाहणी करविली. गांधीवादी संशोधक धर्मपाल यांनी ती कागदपत्रे १९८३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. त्यात मद्रासच्या जिल्हाधिकाऱ्याने घरी शिकणाऱ्या मुलांची संख्या शाळेतील मुलांच्या चार ते पाच पट दिली आहे. या आकड्यात चूक असावी असे खुद्द मन्रोला वाटले. तथापि नातलगांकडून वा खासगी शिक्षकांकडून घरी शिकण्याची चाल देशभर आहे, हे त्यालाही मान्य होते.

महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणाचा आरंभही घरातच झाला. अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले, त्यासाठी पंडितांचा रोष पत्करला आणि गंगामूळच्या अरण्यात आश्रम थाटला. त्या लक्ष्मीबाईंनी आपल्या कन्येला शिकवले. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वत्सभेने तिला पंडिता म्हणून गौरविले. सावित्रीबाईंना जोतिरावांनी घरी शिकवले, तेव्हा १८४८ मध्ये भिडेवाड्यातील मुलींची शाळा उभी राहिली. आनंदीबाई जोशी आणि रमाबाई रानडे यांची अक्षरसाधना पतीच्या देखरेखीखाली घरातच सुरू झाली. शाळांची दारे बंद होती तेव्हा घराने दार उघडले, ही घराची थोरवी आहे.

परंतु परंपरेचा दुसरा अर्धा भाग विसरून चालणार नाही. उपनयन या शब्दाचा अर्थच जवळ नेणे, मुलाला घरातून उचलून गुरूजवळ नेणे असा आहे. तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत स्नातकाला उपदेश करताना आईचे स्थान प्रथम सांगितले, मग पित्याचे; पण तिसरे स्थान आचार्याचे आहे. श्रीकृष्ण नंदाघरी वाढला, तरी विद्येसाठी सांदीपनींच्या आश्रमात गेला आणि तेथे सुदाम्याशेजारी बसला. राजपुत्र आणि दरिद्री ब्राह्मणपुत्र यांनी एकत्र लाकडे तोडावीत, एकत्र पावसात भिजावे, हा त्या शिक्षणाचा गाभा होता. घरच्या ममतेत ते शक्य नव्हते. आपल्या पूर्वजांनी घर आणि गुरुकुल यांच्यात एकाची निवड केली नाही, त्यांचा क्रम लावला.

शाळा कशासाठी?

येथे गृहशिक्षणाच्या पुरस्कर्त्यांना एक प्रश्न विचारला पाहिजे. घर मुलाला माया देईल, भाषा देईल, संस्कार देईल; पण समाज देईल का? घरात येणारी माणसे बहुधा आपल्याच जातीची, आपल्याच आर्थिक स्तरातील, आपल्याच मतांची असतात. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह चालू केले. एका पंक्तीत बसून भाकरी खाणाऱ्या त्या मुलांना समरसतेचा पाठ वेगळा द्यावा लागला नाही. त्यांच्या घरांनी तो दिला नसता.

जर्मनीत गृहशिक्षणाला जवळजवळ पूर्ण बंदी आहे. समाजात एकमेकांशी संबंध नसलेले समांतर समाज निर्माण होऊ नयेत, असे त्यामागचे कारण तेथील घटना न्यायालयाने दिले. २००६ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयानेही एका ख्रिस्ती कुटुंबाची तक्रार फेटाळली. जर्मनीचा कठोरपणा सर्वांना पटेल असे नाही. तथापि राष्ट्राच्या एकात्मतेचा विचार करणाऱ्या कोणालाही त्यामागची चिंता दुर्लक्षिता येणार नाही. प्रत्येक पंथाने, प्रत्येक गटाने आपली मुले आपल्याच भिंतींआड शिकवायची ठरवली, तर उद्याचा भारतीय एकमेकांना भेटणार कोठे?

दुसरी बाजू आपल्याच राज्यातील आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडसारख्या जिल्ह्यांतून हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. मुले बरोबर जातात, वाढे गोळा करतात, धाकट्या भावंडांना सांभाळतात. तीही शाळेबाहेरच असतात. फरक इतकाच, की त्यांच्या आईवडिलांना निवड करण्याची चैन परवडत नाही. त्या मुलीसाठी शाळा हीच एकमेव शिडी आहे. शाळेचे महत्त्व कमी करणारे कोणतेही विधान करताना ती मुलगी डोळ्यांपुढे असली पाहिजे.

२०२० च्या मार्चमध्ये महासाथीमुळे शाळा बंद झाल्या आणि शिक्षण मोबाईलच्या पडद्यावर आले. ते खऱ्या अर्थाने गृहशिक्षण नव्हते. पण त्याने सर्व घरांची परीक्षा घेतली. कित्येक पालकांनी वर्गात काय चालते ते प्रथमच पाहिले आणि ते अस्वस्थ झाले. कित्येक घरांत शिकवायला कोणी नाही, हेही उघड झाले. मुलांना धड्यांपेक्षा सवंगड्यांची उणीव अधिक जाणवली.

कायद्याची संदिग्धता

२००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वयाच्या बालकांचे शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला. त्याच दुरुस्तीने मुलाला शिक्षणाची संधी देणे हे पालकांचे मूलभूत कर्तव्यही ठरवले. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याचे दहावे कलम मुलाला परिसरातील शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य मानते. मात्र ते न केल्यास पालकांना शिक्षा सांगत नाही. गृहशिक्षणाला त्यात स्पष्ट मान्यता नाही आणि स्पष्ट मनाईही नाही.

व्यवहारात मार्ग निघतो. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या परीक्षा आहेत. राज्य मंडळाची दहावी-बारावी बाहेरून देण्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म तर महाराष्ट्राच्या परिचयाचाच आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवण्याचा आग्रह धरला आणि शिक्षणाच्या पर्यायी प्रतिमानांना वाव देण्याची भाषा केली. परंतु सद्‌हेतूने मूल वाढवणाऱ्या पालकाने कायम संदिग्धतेत राहावे, हे योग्य नव्हे. नोंदणी असावी, ठरावीक काळाने मुलाची प्रगती पाहिली जावी आणि मग त्या कुटुंबाला मोकळीक मिळावी. नोंदणीचा दुसराही लाभ आहे : गृहशिक्षणाच्या नावाखाली मुलीला घरकामाला जुंपणारा बाप त्यामुळे लपू शकणार नाही.

दोन्हीकडचे दायित्व

हा मार्ग निवडू पाहणाऱ्या पालकांनी स्वतःला काही रोखठोक प्रश्न विचारावेत. घरात शिकवायला रोज वेळ कोणाजवळ आहे? बहुधा तो भार आईवर पडतो. तिची नोकरी, तिचे छंद, तिची उमेद यांचा विचार झाला आहे का? मुलाला आपल्याहून वेगळ्या घरातील सवंगडी रोज भेटतील, अशी सोय आहे का? आणि चार वर्षांनी मूलच म्हणाले, मला शाळेत जायचे आहे, तर आपण आनंदाने दार उघडू का? या प्रश्नांची उत्तरे देता येणाऱ्या पालकांकडे समाजाने संशयाने पाहू नये. ज्यांना ती देता येत नाहीत, त्यांनी शाळेवरचा राग मुलाच्या आयुष्यावर काढू नये.

प्रश्न शाळांनाही आहेत. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी आणि पुढे बोर्डी-कोसबाडला ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी दाखवून दिले, की मूल हसत येईल अशी शाळा या देशात, अल्प साधनांत उभी राहू शकते. अंगणात भरणारी बालवाडी आदिवासी पाड्यावर आनंदाने चालते आणि वातानुकूलित वर्गातील मूल पोटदुखीचे निमित्त शोधते, याचा विचार संस्थाचालकांनी करायचा आहे.

आपल्यासारख्या समाजात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांचे दायित्व तर दुहेरी आहे. वस्तीतील संस्कारवर्ग, संध्याकाळचे मैदान, वाचनालय ही अशी ठिकाणे आहेत, जेथे घरी शिकणारे मूल, इंग्रजी शाळेतील मूल आणि महापालिकेच्या शाळेतील मूल एका रांगेत उभे राहू शकते. तेथे जात विचारली जात नाही, गुणपत्रिका विचारली जात नाही. ही ठिकाणे जितकी वाढतील तितका घर आणि शाळा यांच्यातील हा तिढा सैल होईल.

जी कुटुंबे शाळेबाहेर पडली ती थोडी आहेत, आणि थोडीच राहतील. पण ज्या कारणांनी ती बाहेर पडली, ती कारणे शाळेत राहिलेल्या लक्षावधी मुलांनाही रोज भोगावी लागतात. त्या मुलांच्या आईवडिलांजवळ घरी शिकवण्याइतका वेळ नाही, पैसा नाही आणि विद्याही नाही. ज्यांना बाहेर पडता येते त्यांना वाट मोकळी असावी. आणि ज्यांना बाहेर पडता येत नाही त्यांच्यासाठी शाळा सुधारावी. यातील दुसरे काम मोठे आहे, आणि ते आपल्या सर्वांचे आहे.