विषाणूंचे कूळ आणि मूळ



स्वागताध्यक्षाने मांडवाची आणि मुक्कामाची व्यवस्था पाहावी, विषयात शिरू नये, असा रिवाज आहे. ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असेही आपले पूर्वज सांगून गेले. परंतु विषाणूंना ही माफी कोणी दिलेली नसल्यामुळे रिवाजाचा थोडासा भंग मी करणार आहे.

१९३५ साली स्टॅन्ली यांनी तंबाखूवरील विषाणूचे स्फटिक केले, तेव्हापासून, जे मिठासारखे कुपीत भरून ठेवता येते ते सजीव कसे, हा वाद रंगत आला आहे. त्यात मला फारसे हशील दिसत नाही. ज्याला पेशीच्या रायबोसोमांवाचून एकही प्रथिन घडवता येत नाही, तो पेशीच्याही आधीचा, की पेशीतून निसटलेल्या जनुकांचा, की परोपजीवी होता होता सर्वस्व गमावून बसलेल्या एखाद्या पेशीचाच वंशज, हा प्रश्न खरा मोलाचा.

१९९२ साली इंग्लंडातील ब्रॅडफर्ड येथे न्यूमोनियाच्या साथीचा तपास चालू असता शीतकरण-मनोऱ्याच्या पाण्यातील अमीबात जे आढळले, ते आकाराने इतके मोठे होते की त्याची नोंद जीवाणूंच्या दप्तरी झाली, आणि तो विषाणू असल्याचे २००३ मध्ये फ्रेंच संशोधकांनी जाहीर करीपर्यंत ती तशीच राहिली. त्या मिमिविषाणूच्या सुमारे १२ लक्ष अक्षरांच्या जनुकसंहितेत प्रथिननिर्मितीची काही साधने सापडली, तेव्हा ऱ्हासवाद्यांना, म्हणजे विषाणू हे सर्वस्व गमावलेल्या पेशींचे वंशज मानणाऱ्यांना, आपला दावा शाबीत झाल्यासारखे वाटले. परंतु अशी जनुके यजमानांकडून एकेक करून उचललेली असू शकतात, असे पुढील वंशविश्लेषणांतून दिसू लागल्याने तो दाखला आज निर्णायक मानता येत नाही. मुंबईच्या पाण्यातूनही असे महाविषाणू वेगळे करण्यात आले असून त्यांना पवई, कुर्ला आणि वांद्रे ही नावे मिळाली आहेत. याचा अभिमान बाळगावा की संकोच, हे नगरवासीयांनी ठरवावे.

विषाणू आणि यजमान यांच्यातील जनुकांचा हा व्यवहार एकतर्फी मात्र नाही. आपल्या जनुकसंहितेचा सुमारे ८ टक्के भाग प्राचीन रेट्रोविषाणूंचा आहे, आणि वारेच्या पेशींना परस्परांत मिसळवून एकसंध थर घडवणारे सिन्सिटिन हे प्रथिन मुळात अशाच एका विषाणूच्या आवरणाचे होते.

सर्व विषाणूंना समान असे एकही जनुक आढळलेले नाही. तेव्हा त्यांचा एकच मूळपुरुष शोधण्याचा खटाटोप मला निष्फळ वाटतो. निबंधवाचकांना एवढीच विनंती, की आपण कोणत्या विषाणुकुलाविषयी बोलत आहात, हे आरंभीच स्पष्ट करावे.