वाहक म्हणजे रुग्ण नव्हे

शाळेत आनुवंशिकतेचा धडा वाटाण्यापासून सुरू होतो. ग्रेगोर मेंडेल यांनी उंच व बुटक्या वाटाण्यांचा संकर केला, तेव्हा पहिल्या पिढीतील सारी रोपे उंच निघाली. उंचीचे जनुक प्रभावी, बुटकेपणाचे अप्रभावी, हे १८६६ साली प्रसिद्ध झालेले सूत्र विद्यार्थ्यांना पाठ असते. परंतु एका जनुकाने दुसऱ्यास झाकलेच पाहिजे, असा निसर्गाचा दंडक नाही. विदर्भातील व नंदुरबारकडील अनेक कुटुंबांना परिचित असलेला सिकलसेल हा आजार त्याची साक्ष देतो.

यातील बिघाड अगदी लहान. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. असे जनुक माता व पिता दोघांकडूनही आले, तर प्राणवायू कमी पडताच तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. एकाकडूनच आले, तर ती व्यक्ती वाहक. तिच्या रक्तात दोन्ही प्रकारचे हिमोग्लोबिन तयार होते. प्रयोगशाळेतील इलेक्ट्रोफोरेसिस तपासणीत दोन पट्टे शेजारी शेजारी उमटतात. यास सहप्रभाविता म्हणतात. म्हणजे आजार पाहावा तर जनुक अप्रभावी वाटते, प्रथिन पाहावे तर दोन्ही जनुके बरोबरीची ठरतात. शिक्षकांनी वर्गात हा पेच अवश्य मांडावा.

वाहक सहसा ठणठणीत असतो. इतकेच नव्हे, तीव्र हिवतापापासून त्याला काही संरक्षणही लाभते. ॲन्थनी ॲलिसन यांनी १९५४ साली पूर्व आफ्रिकेतील निरीक्षणांवरून हे मांडले. हिवतापाच्या प्रदेशांत हे जनुक टिकून राहिले, ते यामुळेच.

गावात मात्र वाहक आणि रुग्ण यांची सर्रास गल्लत होते, आणि तिचा फटका बहुधा लग्नाच्या मुलीला बसतो. वस्तुतः जोडीदाराचे हिमोग्लोबिन निर्दोष असेल, तर वाहकाच्या पोटी सिकलसेलचा रुग्ण जन्मत नाही. अपत्य वाहक असण्याची शक्यता निम्मी असते. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत चारात एक शक्यता आजाराची. 'पहिले मूल आजारी, आता पुढची तीन सुखरूप' हा हिशेब चुकीचा आहे. प्रत्येक खेपेस फासे नव्याने पडतात. तेव्हा तपासणी वधूची तशीच वराचीही व्हावी, आणि विवाहापूर्वी व्हावी.

शिबिरात प्रथम होणारी विद्राव्यता चाचणी वाहक व रुग्ण या दोघांतही सकारात्मक येते. तो भेद इलेक्ट्रोफोरेसिससारख्या दुसऱ्या तपासणीतूनच कळतो. तिचा अहवाल येईपर्यंत यादीत कोणाच्याही नावापुढे 'रुग्ण' असा शेरा मारू नये, आणि ती यादी चावडीवर तर मुळीच लावू नये.