माळाचे देणे



आपल्या दिंडीला शंभर वर्षे झाली. मंडळींनी आम्हांला चार शब्द बोलायला सांगितले. आम्ही शेतकरी, शाळा चौथीपर्यंत. तेव्हा पुस्तकातले थोडे आणि मातीतले जास्त बोलू. आज विषय मुरमाचा. हसू नका. कीर्तनाला जसा अभंग लागतो, तसा रस्त्याला मुरूम लागतो.

वारीची वाट आता रुंद झाली, म्हाताऱ्या माणसाला चालायला सुख झाले. आमची तक्रार नाही. पण भरावाला मुरूम लागतो, घराच्या जोत्याला लागतो, पाणंदीला लागतो, आणि तो येतो माळावरून. माळ म्हणजे पडीक, असे आपण धरून बसलो.

माळ पडीक नाही हो. चंडोल गवताच्या बुंध्याशी घरटे करतो. टिटवी उघड्या खड्यांत अंडी घालते. ससा, खोकड, लांडगा, चिंकारा सगळे तिथलेच. तुकोबांच्या पालखीची वाट बारामती तालुक्यातून जाते, त्याच तालुक्यात सुप्याला मयूरेश्वर अभयारण्य आहे. १९९७ साली ते चिंकाऱ्यासाठी राखले. जेमतेम ५ चौरस किलोमीटर! बाकीच्या माळावर जे जीव जगतात त्यांना कुंपण नाही अन् राखणदार नाही. ससे, हरणे सरली की लांडगा धनगराच्या वाड्यावर येणार. मग दोष कुणाला द्यायचा?

मुरूम ब्रासने मोजतात. १०० घनफूट म्हणजे १ ब्रास. तेवढ्याचे स्वामित्वधन सरकारला भरतात. पण वरची वीतभर माती कुठल्या पावतीत येते? गवताची मुळे तिच्यात, बी तिच्यात. ती गेली की खाली उघडा कठीण थर राहतो. त्यावर गवत धरत नाही, कडेने वेडी बाभूळ तेवढी माजते. पावसाळ्यात खड्डा भरतो, कडा उभ्या असतात. मेंढरू आत पडले तर वर येत नाही, पोराचेही तेच.

आता कायद्याचे ऐका. २०१२ साली सुप्रीम कोर्टाने सांगितले, ५ हेक्टरांहून लहान गौण खनिजाच्या खाणीलासुद्धा पर्यावरणाची मंजुरी पाहिजे. आणि ८ जानेवारी २०२० ला सांगितले, की खाणीचे काम संपल्यावर पट्टेदाराने त्या जागी पुन्हा गवत उगवून द्यावे. चारा, झाडझुडूप, जीवजंतू जगतील अशी जमीन करून द्यावी. म्हंजे गवत लावणे हे उपकार नाहीत, ते देणे आहे. ग्रामसभेत हे विचारायला चौथीसुद्धा लागत नाही.

मग खड्डा भरायचा कसा? खोदायच्या आधी वरची माती वेगळी रचून ठेवायला लावा. काम संपले की उभ्या कडा उतरत्या करा, म्हणजे जनावर आत जाईल तसे बाहेर येईल. मग ती माती वर पसरा. पवन्या, मारवेल, कुसळी यांचे बी दिवाळीच्या सुमारास आपल्याच माळावरून गोळा करा आणि मृगाच्या पावसावर टाका. निदान दोन पावसाळे चराई बंद ठेवा. धनगर बांधवांना आधी विचारून, दुसरीकडची चराई ठरवून मग बंद करा. एखादा खड्डा पाणवठा म्हणून ठेवा, पण उताराचा. उभ्या कडेत वेड्या राघूंची बिळे असली तर तेवढी कड तशीच राहू द्या. आणि उन्हाळ्यात यंत्र लावण्याआधी जागा पायी फिरून बघा, टिटवीची अंडी खड्यांत दिसत नाहीत.

एक विनंती अजून. पुण्य म्हणून माळावर दाट झाडे लावू नका. तुकोबांनी झाडावेलींना सोयरे मानले, ते खरेच. पण सोयऱ्याला त्याच्या घरी बसवावे, दुसऱ्याच्या घरात नव्हे. झाडे ओढ्याकाठी, बांधावर, पालखीच्या वाटेने लावा. माळाला गवतच राहू द्या. चिंकारा लांबवर नजर टाकून वैरी ओळखतो, त्याला उघडे रान लागते.

आपल्या दिंडीतल्या प्रत्येक गावाने शताब्दीनिमित्त एक खड्डा निवडावा. मोठा नको, झेपेल एवढा. ज्याने खोदला त्याच्याकडून कायद्याने भरून घ्यावा. मालक सापडत नसेल तर श्रमदान करावे. शंभर वर्षे आपण वाट वापरली. वाटेच्या कडेच्या जिवांचे देणे त्यातून फेडू.

राम कृष्ण हरी.