मार्चमॉन्ट स्ट्रीटवरचं पुस्तकांचं दुकान



आज मी तुम्हाला एका पुस्तकांच्या दुकानाबद्दल सांगणार आहे. दुकान लंडनमधलं. ब्रिटिश म्युझियमपासून पायी जाता येईल एवढ्या अंतरावर, ब्लूम्सबरी भागात, मार्चमॉन्ट स्ट्रीट नावाचा एक छोटा रस्ता आहे. रोजच्या गरजेची दुकानं, कॅफे, वर राहती घरं, असा साधा वस्तीचा रस्ता. तिथे 66 नंबरला ‘गेज द वर्ड’ हे दुकान जानेवारी 1979 मध्ये सुरू झालं आणि अजूनही चालू आहे. समलिंगी स्त्री-पुरुषांविषयीची, उभयलैंगिक आणि पारलिंगी माणसांविषयीची पुस्तकं तिथे मिळतात. नाव घेतलंय आयव्हर नोव्हेलो यांच्या एका जुन्या संगीत नाटकावरून.

अर्नेस्ट होल आणि त्यांच्याबरोबरच्या कार्यकर्त्यांनी हे दुकान काढलं, तेव्हा इंग्लंडमध्ये दोन प्रौढ पुरुषांच्या खासगी संबंधांवरचा फौजदारी गुन्ह्याचा शिक्का पुसून उणीपुरी बारा वर्षं झाली होती. 1967 चा तो कायदा. पण तोही अर्धामुर्धाच होता. वयाची अट एकवीस वर्षांची, आणि सगळं बंद दाराआड. माणसं एकमेकांना भेटायची ती रात्री, बारमध्ये आणि क्लबमध्ये, जिथल्या काचा बाहेरून काही दिसू नये अशाच असायच्या. आणि पुस्तकांचं म्हणाल, तर एखाद्या तरुणाला आपल्यासारख्या माणसाबद्दल काही वाचायचं असेल, तर ते सापडायचं मनोविकारांच्या ग्रंथात. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून 1973 मध्ये काढलं. जागतिक आरोग्य संघटनेला ते करायला 1990 साल उजाडलं. म्हणजे जो वाचक स्वतःला शोधायला कपाटाकडे जायचा, त्याच्या हाती स्वतःचं रोगनिदान यायचं.

अशा काळात कोणी रस्त्यालगत दुकान काढतं, त्याला मोठी काचेची खिडकी ठेवतं, त्या खिडकीत पुस्तकं मांडतं आणि दिवसाढवळ्या दार उघडतं, यात काय धाडस होतं ते लक्षात घ्या.

ही कल्पना आली होती न्यूयॉर्कहून. तिथे क्रेग रॉडवेल नावाच्या तरुणाने नोव्हेंबर 1967 मध्ये मर्सर स्ट्रीटवर ‘ऑस्कर वाइल्ड मेमोरियल बुकशॉप’ सुरू केलं होतं. हॉटेलात नोकरी करून साठवलेल्या पैशांतून. सुरुवातीला पुस्तकं होती जेमतेम पंचवीसेक, कारण विकण्याजोगी तेवढीच मिळाली. रॉडवेलचा एक नियम होता: अश्लील मासिकं ठेवायची नाहीत. ती ठेवली असती तर गल्ला भरला असता, पण त्याला मागच्या दाराने येणारं गिऱ्हाईक नको होतं. माणसाने मान वर करून पुढच्या दाराने आत यावं, हा त्याचा आग्रह. 1969 च्या जूनमध्ये स्टोनवॉल या समलिंगींच्या बारवर पोलिसांची धाड पडली आणि लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा रॉडवेल तिथे होता. पुढच्या वर्षी जो पहिला मोर्चा निघाला, ज्याच्यातून आज जगभर निघणाऱ्या प्राइड मिरवणुका जन्मल्या, त्याच्या तयारीत रॉडवेल आणि त्याचं हे छोटंसं दुकान यांचा मोठा वाटा होता.

आता जरा लंडनच्या दुकानाच्या दारात उभे राहू या.

पहिल्यांदा येणारा माणूस बहुधा थेट आत शिरत नाही. तो समोरच्या फुटपाथवरून जातो, परत येतो, खिडकीकडे एक नजर टाकून पुन्हा पुढे निघतो. कोणी ओळखीचं तर बघत नाही ना? मग कधीतरी तो दार ढकलतो. आत गेल्यावर त्याला काय करावं लागतं? काहीच नाही. हेच मला या जागेचं सगळ्यात मोठं मोल वाटतं. बारमध्ये गेलं की काहीतरी प्यावं लागतं, कोणाशी तरी बोलावं लागतं. सल्ला केंद्रात गेलं की नाव सांगावं लागतं, अडचण सांगावी लागते. डॉक्टरकडे गेलं की काय होतंय ते सांगावं लागतं. पुस्तकांच्या दुकानात गिऱ्हाईक नुसतं उभं राहू शकतं. एखादं पुस्तक काढावं, मागचा मजकूर वाचावा, परत ठेवावं. तासभर थांबून काही न घेता निघून गेलं तरी कोणी ‘काय हवंय?’ म्हणून मागे लागत नाही. ज्याला अजून स्वतःशीही काही कबूल करता आलेलं नाही, त्याला एक शब्द न बोलता येता येईल अशी ही जागा आहे. आणि तो पुस्तक चाळत असतो तेव्हा शेजारच्या कपाटापाशी एक साठीची बाई चष्मा सरसावून कादंबरी बघत असते, कोणी कॉलेजचा मुलगा खाली बसून कविता वाचत असतो. त्याला तेव्हा जे उमगतं ते कुठल्याच पुस्तकात छापलेलं नसतं: की आपल्यासारखी माणसं म्हातारीही होतात, बाजारहाट करतात, कविता वाचतात.

सुरुवातीच्या वर्षांत दुकानाच्या मागच्या भागात चहा-कॉफी मिळायची. भिंतीवर सूचनाफलक होता. खोली भाड्याने हवी आहे, वकील हवा आहे, अमुक दिवशी सभा आहे, अशा चिठ्ठ्या तिथे लागायच्या. दुकान बंद झाल्यावर खुर्च्या मांडून गट जमायचे. समलिंगी स्त्रियांचा चर्चा गट तिथे वर्षानुवर्षं भरत आला आहे. कृष्णवर्णीय समलिंगींचा गट तिथे भेटायचा. पुढे पारलिंगी लोकांचाही भेटू लागला.

आणि मग आलं 1984 साल. त्या एका वर्षावर मी थोडा अधिक वेळ घेणार आहे.

10 एप्रिल 1984 रोजी कस्टम्स खात्याच्या अधिकाऱ्यांनी दुकानावर धाड घातली. कपाटंच्या कपाटं रिकामी करून हजारो पौंडांची पुस्तकं उचलून नेली. संचालकांच्या घरांचीही झडती झाली. नेलेली पुस्तकं कोणाची होती? टेनेसी विल्यम्स, गोर व्हिडाल, क्रिस्टोफर इशरवुड, जाँ जने. ज्यांची नाटकं रंगभूमीवर होतात आणि कादंबऱ्या विद्यापीठांत अभ्यासल्या जातात, असे लेखक. संचालकांवर आरोप ठेवला तो असभ्य पुस्तकं आयात करण्याचा कट केल्याचा. कायदा 1876 चा!

हा कायदाच का काढला, यातही एक मेख होती. इंग्लंडमध्ये छापलेल्या पुस्तकावर अश्लीलतेचा खटला भरला, तर 1959 च्या कायद्यानुसार त्याचं साहित्यमूल्य दाखवून बचाव करता येत होता. पण तेच पुस्तक बाहेरून आलेलं असलं, तर कस्टम्सच्या कायद्यात तो बचाव नव्हता. अधिकाऱ्याला ते ‘असभ्य’ वाटलं की पुरे. आणि या दुकानाचा बराचसा माल अमेरिकेतूनच यायचा, कारण ब्रिटिश प्रकाशक अशी पुस्तकं फारशी काढतच नव्हते. फिलाडेल्फियात ‘जिओव्हानीज रूम’ नावाचं असंच एक दुकान 1973 पासून होतं, जेम्स बाल्डविनच्या कादंबरीचं नाव घेतलेलं. तिथून खोकी भरून पुस्तकं लंडनला यायची. एका दुकानाने दुसऱ्याला जगवायचं, असा तो व्यवहार होता.

पुढे काय झालं? लोक उभे राहिले. बचाव निधीला सामान्य माणसांनी पैसे दिले आणि पंचावन्न हजार पौंडांहून अधिक रक्कम जमली. गोर व्हिडालने स्वतः तीन हजार पौंड दिले. खासदार दुकान बघायला आले, संसदेत प्रश्न विचारले गेले. 1986 मध्ये युरोपीय न्यायालयाने दुसऱ्याच एका प्रकरणात निर्णय दिला, की जो माल देशात कायदेशीरपणे बनवता आणि विकता येतो, तो युरोपीय समुदायातल्या दुसऱ्या देशातून आणायला बंदी घालता येणार नाही. कस्टम्सच्या आरोपांखालची जमीन सरकली आणि खटला मागे घेण्यात आला.

पण हे दुकान त्या वर्षी केवळ स्वतःच्या बचावात गुंतलं होतं असं समजू नका. मार्च 1984 मध्ये ब्रिटनच्या कोळसा खाणकामगारांनी संप पुकारला होता. खाणींच्या गावांत चुली थंडावत होत्या. मार्क ॲश्टन आणि माइक जॅक्सन या दोन तरुणांनी त्या उन्हाळ्यात समलिंगींचा एक गट काढला, खाणकामगारांना मदत करण्यासाठी. त्याच्या सुरुवातीच्या सभा भरल्या त्या याच दुकानात, आणि दुकानाबाहेर बादल्या घेऊन वर्गणी गोळा झाली. ज्या दुकानाची कपाटं सरकारने नुकतीच रिकामी केली होती, त्याच्या दारात उभं राहून ही मुलं दुसऱ्यांच्या पोटासाठी पैसे मागत होती. हे पैसे साउथ वेल्सच्या दुलाइस खोऱ्यातल्या कुटुंबांना गेले. पुढच्या वर्षीच्या प्राइड मोर्चात खाणकामगार आपला बॅनर घेऊन आघाडीला चालले, आणि मजूर पक्षाच्या 1985 च्या अधिवेशनात समलिंगींच्या हक्कांचा ठराव खाणकामगार संघटनेच्या पाठिंब्याने मंजूर झाला. ‘प्राइड’ हा 2014 चा चित्रपट याच घटनेवरचा. मार्क ॲश्टन 1987 मध्ये एड्सने गेला, अवघ्या सव्विसाव्या वर्षी. दुकानाच्या वर आज त्याचा स्मृतिफलक आहे.

त्यानंतरच्या अडचणी नेहमीच्याच, पण जीवघेण्या: वाढतं भाडं, मोठ्या साखळी दुकानांची आणि ऑनलाइन विक्रीची स्पर्धा. 2007 मध्ये दुकान बंद पडायची वेळ आली, तेव्हा वाचकांनी वर्गणी देऊन एकेक फळी दत्तक घेतली. न्यूयॉर्कचं दुकान मात्र 2009 मध्ये बंद झालं ते झालंच. फिलाडेल्फियाचं 2014 मध्ये बंद झालं आणि त्याच वर्षी एड्सग्रस्तांसाठी निधी उभारणाऱ्या एका संस्थेने ते पुन्हा उघडलं.

कोणी म्हणेल, आता सगळं फोनवर मागवता येतं, मग दुकान कशाला? आपल्याकडेही मुंबईतून शोभना कुमार यांनी 2010 मध्ये ‘क्वीअर इंक’ हे अशा पुस्तकांचं ऑनलाइन दुकान सुरू केलं, आणि त्या कामाची गरज मोठीच होती. पण आपल्या घरांचा विचार करा. पार्सल दारात येतं तेव्हा ते कोण घेतं? कधी आई, कधी आजोबा, कधी शेजारच्या काकू. ‘काय मागवलंस रे?’ हा प्रश्न आपल्याकडे प्रेमानेच विचारला जातो, पण ज्याला उत्तर देता येत नाही, त्याचा त्याने जीव जातो.

मराठीत पुस्तकं नाहीत असंही नाही. विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक आहे. पुण्यात ‘समपथिक ट्रस्ट’ स्थापन करणारे बिंदुमाधव खिरे यांची ‘पार्टनर’ ही कादंबरी आणि ‘इंद्रधनू’ हे माहितीपर पुस्तक आहे. सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ 2006 ची. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचं आत्मकथन आहे. आणि कायद्याचं म्हणाल, तर 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने भारतीय दंडसंहितेच्या कलम 377 मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले. ते कलम इंग्रजांनीच 1860 मध्ये दिलेलं होतं. त्यामुळे भीती बाळगायला आता कायद्याचंही कारण उरलेलं नाही.

अडचण आहे ती कपाटाची. आपल्या कितीतरी वाचनालयांत पुस्तकं कुलुपात असतात. वाचकाने यादीत नंबर शोधायचा, चिठ्ठी लिहायची आणि खिडकीपाशी उभं राहून पुस्तकाचं नाव सांगायचं. मागे रांगेत गल्लीतले चार लोक. सतरा-अठरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी त्या खिडकीत ‘इंद्रधनू’ मागेल का? मार्चमॉन्ट स्ट्रीटवरचं दुकान जे देतं ते नेमकं इथे हरवतं: कोणाला न विचारता पुस्तक हातात घेण्याची मुभा. महाराष्ट्रात 1967 पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे आणि हजारो मान्यताप्राप्त वाचनालयं आहेत. त्यांतल्या काहींत मुक्तद्वार विभाग असतो, जिथे वाचक स्वतः फळीवरून पुस्तक काढून घेतो.

श्रोतेहो, तुमच्या वाचनालयात मागणीची वही असेल. पुढच्या खेपेला जाल तेव्हा तिच्यात यांतल्या एक-दोन पुस्तकांची नावं लिहा आणि ग्रंथपालांना सांगा, की ही पुस्तकं मुक्तद्वार विभागात, इतर कादंबऱ्यांच्या शेजारी ठेवा. तुम्हाला ती वाचायची नसली तरी लिहा. ज्याला वाचायची आहेत, त्याला आज ती वही मागायचाही धीर होणार नाही.