जुन्या मोटारीचें रबर

मोटार जुनी झाली असें लोक म्हणतात तेव्हां त्यांच्या डोळ्यांपुढें गंजलेला पत्रा, उडालेला रंग किंवा धूर ओकणारें इंजिन उभें राहतें. रबराचा विचार सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. आणि आलाच तर तो चार टायरांपाशीं येऊन थांबतो. वास्तविक काचांभोंवतींच्या पट्ट्या, दारांचें बीडिंग, इंजिन ज्यांवर टेकलेलें असतें तीं माउंटिंगें, पाण्याचे होजपाइप, पेट्रोलच्या नळ्या, पंख्याचा पट्टा, स्प्रिंगांचे बुश आणि ब्रेकच्या सिलिंडरांतील अंगठ्याच्या पेराएवढे कप, हें सर्व रबरच होय. लोखंडाची झीज डोळ्यांना दिसते, कानांना ऐकूं येते. रबर मात्र बहुधा अंधारांत, पत्र्याच्या आड, कांहीं न बोलतां म्हातारें होत असतें.

आपल्याकडील उदाहरण घ्यावयाचें तर प्रीमियर पद्मिनीचें घ्यावें. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ मध्यें स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून १९६४ च्या सुमारास ‘फियाट ११०० डिलाइट’ ह्या नांवानें जी गाडी बाहेर पडूं लागली, तीच पुढें पद्मिनी म्हणून घरोघरीं प्रसिद्ध झाली. ह्या शतकाच्या आरंभीं तिचें उत्पादन थांबलें, आणि ऑक्टोबर २०२३ मध्यें मुंबईच्या रस्त्यांवरून तिची काळीपिवळी टॅक्सीहि अदृश्य झाली. तथापि खाजगी मालकांजवळ ह्या गाड्या अजून आहेत. त्यांतील कितीएक वडिलांच्या हातच्या असतात. वडिलांनीं नंबर लावून, वर्षानुवर्षें वाट पाहून घेतलेली गाडी मुलाच्यानें विकवत नाहीं. तो ती पुसून, झांकून ठेवतो, दसऱ्याला तिला हार घालतो, आणि महिन्या-दोन महिन्यांनीं नातवंडांना घेऊन एखादा फेरफटका करतो.

अशा मालकाचा एक ठाम समज असतो. गाडी फारशी चाललेली नाहीं, म्हणून तींतील सर्व वस्तु शाबूत आहेत, असा तो समज होय. एखाद्या जुन्या मिस्त्रीकडे तो गाडी नेतो आणि अभिमानानें म्हणतो, “मिस्त्री, बघा, दहा वर्षांत तीन हजार किलोमीटरसुद्धां झालेले नाहींत.” मिस्त्री बॉनेट उघडतो, एका नळीला नख लावून पाहतो आणि सांगतो, “काका, गाडी उभी राहिली म्हणून रबर उभें राहत नाहीं. रोज चालणारी गाडी मला परवडली. तिचा मालक दर वर्षीं कांहींना कांहीं बदलतो तरी.” मालकाला हें बोलणें गिऱ्हाइकाच्या खिशावर डोळा ठेवून केलेलें वाटतें. परंतु ह्या वादांत शास्त्र मिस्त्रीच्या बाजूचें आहे.

रबर हा मूळचा झाडाचा चीक. कच्च्या चिकाचें रबर उन्हाळ्यांत पाघळतें आणि थंडींत काचेसारखें कडक होतें. म्हणून आरंभीं तें फारसें उपयोगाचें नव्हतें. १८३९ मध्यें अमेरिकेंतील चार्ल्स गुडइअर ह्यास गंधकाबरोबर तापविलेलें रबर हे दोन्ही दोष टाकतें असें आढळून आलें, आणि तेथून रबराचें युग सुरू झालें. रबराचे अणुसमूह लांबच लांब दोऱ्यांसारखे असतात. गंधक त्या दोऱ्यांना जागोजाग टांके घालतो. त्यामुळें ताणलेलें रबर पुन्हां मूळ आकारास येतें. परंतु कारखान्यांत घातलेले टांके ही ह्या कथेची अखेर नव्हे. हवेंतील प्राणवायु आणि इंजिनाची उष्णता ह्यांमुळें पुढेंहि नवे टांके पडत राहतात व जुने दोरे तुटत राहतात. टांके फार झाले म्हणजे रबर कडक होतें. दोरे फार तुटले म्हणजे तें मऊ आणि चिकट होतें. रसायनशास्त्राचा एक ढोबळ नियम असा कीं, उष्णता दहा अंशांनीं वाढली म्हणजे अशा क्रियांचा वेग सुमारें दुप्पट होतो. बॉनेटखालची नळी डिकींतल्या नळीच्या कितीतरी आधीं कां संपते, हें त्यावरून ध्यानांत येईल.

दुसरा शत्रु ओझोन वायु. जमिनीलगतच्या हवेंत तो अत्यल्पच असतो. परंतु ताणलेल्या रबराला तेवढा पुरतो. मोटारींच्या धुरावर ऊन पडलें कीं तो अधिक निर्माण होतो, म्हणून मोठ्या शहरांत त्याचा उपद्रव विशेष. ओझोनच्या भेगा नेहमीं ताणाच्या दिशेला काटकोनांत पडतात. वांकविलेली नळी बाहेरच्या बाजूनें चिरलेली दिसते ती त्यामुळेंच. टायरांच्या रबरांत ह्यावर उपाय म्हणून मेण घातलेलें असतें. चाक फिरतांना रबर मळलें जातें आणि तें मेण पृष्ठभागावर येऊन पातळ कवच धरतें. उभ्या गाडीच्या टायरांना हें मर्दन मिळत नाहीं. जपून ठेवलेल्या गाडीचे टायर, नक्षी पूर्ण खोल असूनहि, कडेनें तडकतात त्याचें एक कारण हें आहे. टायरांवरील तारखेची मात्र कोणासहि सहज परीक्षा करतां येते. २००० सालापासूनच्या टायरावर चार आंकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३२१८ म्हणजे २०१८ सालचा बत्तिसावा आठवडा. तीनच आंकडे असतील तर टायर त्या आधींचा, आणि तो किती का सुंदर दिसेना, त्यावर माणसें बसवूं नयेत. सहाव्या वर्षापासून दर वर्षीं तपासणी आणि दहाव्या वर्षीं निवृत्ति, ही मर्यादा पाळणें बरें.

आतां जेथें प्राणाशीं गांठ आहे त्या ब्रेकांकडे वळावें. पद्मिनीसारख्या गाडीला चारहि चाकांवर ड्रमचे ब्रेक असतात. पायानें दाब दिला म्हणजे मास्टर सिलिंडरांतील तेल नळ्यांतून चाकांपर्यंत जातें आणि तेथील कप पुढें सरकून ब्रेकचे शू ड्रमवर दाबले जातात. नळ्या बहुतेक धातूच्या. परंतु चाकें वरखालीं होतात, वळतात, म्हणून शेवटचा टप्पा रबरी नळीचाच असावा लागतो. ही नळी दोन प्रकारांनीं दगा देते. एक म्हणजे बाहेरून चिरून फुटते. तो दगा निदान उघड असतो. दुसरा फार लबाड. नळी बाहेरून धडधाकट दिसते, आंतून मात्र सुजते किंवा तिचा पापुद्रा सुटतो. पायाच्या जोरानें तेल पुढें ढकललें जातें, पाय उचलल्यावर मागें फिरत नाहीं. एका चाकाचा ब्रेक लागलेलाच राहतो, तें चाक तापतें, गाडी एका बाजूस ओढते. मालक ब्रेक सैल करून घेतो, ड्रम घांसून घेतो, बेअरिंग बदलतो. नळीवर कोणाचा संशय जात नाहीं. जिचें वय ठाऊक नाहीं ती ब्रेकची नळी तपासत बसूं नये, बदलावी. तिची किंमत एका वेळच्या पेट्रोलहून फारशी अधिक नसते.

कपांची गोष्टहि अशीच. ब्रेकचें नेहमींचें तेल, ज्याच्या डब्यावर डॉट ३ किंवा डॉट ४ असें लिहिलेलें असतें, तें खनिज तेल नव्हे. तें हवेंतील ओलावा शोषून घेतें. आमच्या पावसाळ्यांत तर त्याला ओलाव्याची ददात नाहीं. त्या पाण्यानें सिलिंडर आंतून गंजतो, त्या खरखरीत गंजावरून कप घांसला जातो, आणि एके दिवशीं पेडल सरळ खालीं जातें. घाट उतरतांना ब्रेक तापले म्हणजे तेलांतील पाण्याची वाफ होऊन पेडल पोकळ लागतें, तें संकट वेगळेंच. खंडाळ्याचा घाट उतरूं पाहणाऱ्या जुन्या गाडीच्या मालकानें हें तेल दर दोन वर्षांनीं बदललेलें असावें. आणि ह्या तेलाच्या टाकींत चुकून इंजिनाचें तेल पडलें तर ती चूक निपटून काढण्यासारखी नसते: सर्व कप फुगतात, आणि सर्वच रबरी भाग टाकून, नळ्या धुवून, नव्यानें आरंभ करावा लागतो. अर्धी बाटली वांचविण्याच्या हिशेबानें हाताशीं असेल तें तेल ओतणारे लोक गॅरेजांत अद्याप भेटतात. त्यांच्या हातीं गाडी सोंपवूं नये.

पेट्रोलच्या नळ्यांचा प्रश्न अलीकडे अधिक तातडीचा झाला आहे. भारतांत पेट्रोलमध्यें वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचें उद्दिष्ट पूर्वीं २०३० सालचें होतें, तें पुढें २०२५ वर आणलें गेलें आणि त्या वर्षीं गांठलेंहि गेलें. पद्मिनीची नळी, तिच्या पेट्रोल पंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरचीं पॅकिंगें हीं ज्या काळीं योजिलीं गेलीं त्या काळीं असें मिश्रण कोणाच्या कल्पनेंत नव्हतें. जुनें रबर त्यानें फुगतें, मऊ पडतें, कधीं त्याचे कण सुटून जेटांत अडकतात. पेट्रोलियम मंत्रालयानें ऑगस्ट २०२५ मध्यें केलेल्या खुलाशांत, कांहीं जुन्या वाहनांचे रबरी भाग व गॅस्केटें वीस ते तीस हजार किलोमीटरांच्या वापरानंतर बदलावीं लागतील, असें म्हटलें आहे. रोज धांवणाऱ्या गाडीला हें माप ठीक. वर्षाला तीनशे किलोमीटर जाणाऱ्या गाडीला त्या हिशेबानें नळी बदलण्यास साठाहून अधिक वर्षें मिळतील, आणि तोंवर ती नळी बिचारी पेट्रोलमध्यें बुडून बसलेली असेल! येथेंहि मोजावयाचीं तीं वर्षेंच. नवी नळी घेतांना इथेनॉल सोसणारी आहे किंवा नाहीं, हें तिच्यावर छापलेल्या मानांकनावरून पाहावें; पाण्याची नळी पेट्रोलला लावणें म्हणजे तापलेल्या इंजिनाशेजारीं आग पेरून ठेवणें होय.

पाण्याचे होजपाइप इंजिन थंड असतां बोटांनीं दाबून पाहावे. ते बहुधा मधें न बिघडतां तोंडापासून इंच-दोन इंचांवर आंतून चिरतात. तेथें मऊ, पोकळ लागलें कीं त्यांचा काळ संपला. माउंटिंगें व बुश बसलीं तर गाडी खडखडते, गिअर अडखळतो, परंतु सूचना मिळत राहते. तें काम एखादा महिना थांबूं शकतें.

काचेचें बीडिंग कडक झालें कीं त्याच्या फटींतून पावसाचें पाणी आंत उतरतें आणि जाजमाखालचा पत्रा खातें. त्यावर चमक यावी म्हणून कोणी रॉकेलचा बोळा फिरवितात, कोणी ग्रीस चोळतात. रॉकेल आणि ग्रीस दोन्ही खनिज तेलाचीं बाळें. नैसर्गिक रबर त्यांनीं फुगून सडतें. साबणाचें सौम्य पाणी, मऊ फडकें आणि वर सिलिकोनचा पातळ हात एवढें पुरे. गाडी उन्हांत असेल तर तिजवर आच्छादन हवें, पण तें हवा खेळती ठेवणारें असावें.

नवा माल विकत घेतांना एक मोह आवरावा लागतो. एखाद्या दुकानाच्या माळ्यावरून कंपनीच्या मूळ वेष्टणांतला, तीस वर्षें न उघडलेला ब्रेकचा संच निघतो, आणि जुन्या गाड्यांच्या शौकिनाला तो खजिना वाटतो. पत्र्याचा भाग असता तर खजिनाच होता. रबर मात्र वेष्टणांतहि म्हातारें होतच असतें. कप दोन बोटांत दुमडून पाहावा. घडीवर सूक्ष्म रेषा दिसल्या तर तो मूळ असूनहि टाकाऊ आणि परवां बनलेला साधा कप त्याहून शंभर पटींनीं मूल्यवान. आकार मिळत नसेल तर जुना नमुना टाकून देऊं नये. तो दाखवून बीडिंग फुटावर कापून मिळतें, आणि कांहीं वस्तु सांच्यांत नव्यानें ओतून घेतां येतात. मूळपणाचा आग्रह डॅशबोर्डावर आणि चाकांच्या टोप्यांवर खुशाल धरावा.

पैसा एकदम खर्च करावयाचा नसेल तर ब्रेकच्या नळ्या व कप पहिल्यानें, त्याच आठवड्यांत पेट्रोलच्या नळ्या, मग टायर, आणि काचांचें बीडिंग पावसाळ्यापूर्वीं. प्रत्येक वस्तु बसविली त्या दिवसाची तारीख एका वहींत लिहून ती वही गाडीच्या कप्प्यांत ठेवावी. किलोमीटरांचा रकाना त्या वहींत नसला तरी चालेल.