बिटकॉइनची खाण आणि खान्देशची वीज



जळगाव ही सोन्याची बाजारपेठ आहे. येथील राजमल लखीचंद ही पेढी १८५४ पासूनची. लग्नाचे सोने जळगावातूनच घ्यायचे, हा रिवाज केवळ खान्देशातच नव्हे, तर आसपासच्या जिल्ह्यांतील घरांतही पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. अशा गावात ‘खाण’ हा शब्द कानी पडला की डोळ्यांपुढे सोने उभे राहावे, हे स्वाभाविकच होय. म्हणून ‘बिटकॉइन मायनिंग’ला आभासी सोन्याचे उत्खनन म्हटले, की ते चटकन पटते. पण या खाणीत खणले काय जाते, याचा विचार मात्र सहसा होत नाही. आजच्या विषयाचे प्रयोजन तेच आहे. कारण महाराष्ट्रात हजारो कुटुंबांची पुंजी गेली, ती याच एका शब्दाच्या भुलीने.

बिटकॉइन ही मुळात एक सामाईक खतावणी आहे. कोणी कोणाला किती दिले, याच्या नोंदी जगभरच्या हजारो संगणकांवर एकाच वेळी ठेवलेल्या असतात. ३ जानेवारी २००९ रोजी तिचे पहिले पान लिहिले गेले. तिचा कर्ता सातोशी नाकामोतो या नावाने वावरला; तो कोण, हे आजवर उघड झालेले नाही. या खतावणीला मुनीम नाही, पेढीचा मालकही नाही. मग पुढचे पान लिहिण्याचा अधिकार कोणाला? त्यासाठी एक विलक्षण युक्ती योजलेली आहे. नव्या पानातील मजकूर आणि त्यासोबत एक मनचाही आकडा ‘एसएचए-२५६’ नावाच्या गणिती चरकातून काढायचा. बाहेर येणारी संख्या ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा लहान आली, तर पान मंजूर. नाही आली, तर आकडा बदलून पुन्हा प्रयत्न. येथे बुद्धीला वाव नाही, आडवाटही नाही. सारीपाटावर फासे टाकत राहावे, तसे संगणकाने आकडे टाकत राहायचे. ज्याचे दान आधी पडेल, त्याला नवी बिटकॉइन बक्षीस. फासे टाकणाऱ्याला कोट्यवधी वेळा खटपट करावी लागते. पण दान खरोखर पडले की नाही, हे कोणालाही क्षणात पडताळता येते. खोटी नोंद घुसडू पाहणाऱ्याला इतरांइतकीच प्रचंड वीज जाळावी लागेल, हेच या खतावणीचे संरक्षण होय. युक्तीची कल्पकता नाकारण्याचे कारण नाही.

आता काठिण्याकडे वळू, कारण सगळे मर्म त्यात आहे. साधारणपणे दर दहा मिनिटांनी एक पान लिहिले जावे, अशी या व्यवस्थेची घडण आहे. यंत्रे वाढली, तर पाने भराभर लिहिली जातील. तसे होऊ नये म्हणून दर २,०१६ पानांनंतर, म्हणजे सुमारे पंधरवड्याने, ती मर्यादा आपोआप बदलते. यंत्रे वाढली असतील तर दान पडणे अधिक अवघड होते, घटली असतील तर सोपे. शिवाय बक्षीसही दर चार वर्षांनी निम्मे होत जाते. आरंभी ते ५० बिटकॉइन होते. २०१२ मध्ये २५, २०१६ मध्ये साडेबारा, २०२० मध्ये सव्वासहा आणि एप्रिल २०२४ पासून ३.१२५ झाले.

सोन्याशी असलेला भेद सराफाच्या तत्काळ ध्यानात येईल. सोन्याचा भाव चढला की बंद पडलेल्या खाणी पुन्हा उघडतात, अधिक मजूर लागतात, अधिक सोने बाहेर येते. बिटकॉइनच्या खाणीत दहापट यंत्रे लावली, तरी दिवसाकाठी निघणारी एकूण नाणी तेवढीच राहतात. वाढते ते केवळ काठिण्य, आणि त्यासोबत विजेचे बिल. शेजाऱ्याने यंत्र वाढवले की आपल्या यंत्राचा वाटा आपोआप घटतो. जगात दुसरी कोणती खाण अशा रीतीने चालत असेल, असे वाटत नाही.

या चुरशीतून यंत्रांची शर्यत सुरू झाली. आरंभी हे काम घरच्या संगणकावर होत असे. पुढे खेळांसाठी वापरली जाणारी चित्र-कार्डे कामाला लागली आणि २०१३ पासून याच एका कामासाठी घडवलेल्या चिपांची यंत्रे बाजारात आली. त्यांना ‘एसिक’ म्हणतात. बिटमेन या चिनी कंपनीचे २०१६ मधील ‘अँटमायनर एस-९’ हे यंत्र सेकंदाला सुमारे साडेतेरा लाख कोटी प्रयत्न करी आणि त्यासाठी तेराशे वॉटच्या आसपास वीज घेई. त्याच कंपनीचे ‘एस-२१’ सेकंदाला २०० लाख कोटी प्रयत्न करते आणि साडेतीन हजार वॉट घेते. म्हणजे एका प्रयत्नामागची वीज पाच-सहा पटींनी घटली. मग एकूण वीज वाचली का? मुळीच नाही. वाचलेल्या विजेवर आणखी यंत्रे लागली आणि काठिण्य पुढे सरकले. जुने यंत्र मात्र भंगारात जाते. त्याच्यावर ना पत्र लिहिता येते, ना शाळेतील मुलाला शिकवता येते.

साडेतीन हजार वॉट म्हणजे किती, हे रावेर-यावलच्या केळी उत्पादकाला किंवा साक्री-शिरपूरच्या शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. पाच अश्वशक्तीचा कृषिपंप सुमारे ३.७ किलोवॅटचा असतो. म्हणजे हाताने उचलून टेबलावर ठेवता येईल असे हे एक यंत्र जवळपास एका पंपाइतकी वीज घेते. पंप काही तास चालतो. हे यंत्र मात्र रात्रंदिवस, बारमाही चालावे लागते, कारण थांबलेल्या यंत्राला कमाई नाही. दिवसाला ८४ युनिट, महिन्याला अडीच हजारांहून अधिक. कोळशावर ही वीज निर्माण करायची, तर एका यंत्रासाठी रोज अर्ध्या क्विंटलहून अधिक कोळसा जाळावा लागेल. आणि ही सगळी वीज अखेरीस उष्णता होऊन बाहेर पडते. मे महिन्यात भुसावळचा पारा पंचेचाळिशी गाठत असताना घरात साडेतीन किलोवॅटची शेगडी अखंड पेटती ठेवण्यासारखे हे आहे. तिच्या पंख्यांचा कर्कश आवाज तो निराळाच.

जागतिक हिशेब याहून डोळे उघडणारा आहे. केंब्रिज विद्यापीठाच्या केंद्राने २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात बिटकॉइनच्या यंत्रांचा वार्षिक वीजवापर सुमारे १३८ अब्ज युनिट, म्हणजे जगाच्या एकूण विजेच्या अर्धा टक्का इतका अंदाजिला आहे. भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक केंद्रात ५०० मेगावॅटचे दोन संच आहेत. असा एक संच वर्षभर क्षणभरही न थांबता पूर्ण क्षमतेने चालला, तर ४३८ कोटी युनिट वीज मिळेल. याचा अर्थ असा, की बिटकॉइनची भूक भागवण्यासाठी दीपनगरसारखे एकतीस-बत्तीस संच अहोरात्र राबावे लागतील. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील शिवाजीनगर येथे महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ मध्ये उभा राहिला. त्याची वीज दिवसाची. रात्री यंत्रांना दुसरा आधार हवाच.

ज्या प्रदेशात दिवसा वीज मिळावी म्हणून शेतकऱ्याला वर्षानुवर्षे मागणी करावी लागली, फिरत्या वेळापत्रकामुळे रात्री-अपरात्री बॅटरी घेऊन, विंचू-सापाच्या धास्तीने वावरात जावे लागले, तेथे या आकड्यांचा अर्थ पुस्तकी राहत नाही. राज्य शासनाने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा हाती घेतला, तो दिवसाच्या विजेसाठीच. इतर देशांचा अनुभवही बोलका आहे. इराणमध्ये वीजटंचाई झाली, तेव्हा मे २०२१ मध्ये या उद्योगावर चार महिन्यांची बंदी घालावी लागली. त्याच वर्षी चीनने आपल्याकडील यंत्रे बंद पाडली. ती बंद पडताच ३ जुलै २०२१ रोजी काठिण्य एका फटक्यात सुमारे २८ टक्क्यांनी उतरले. बरीचशी यंत्रे शेजारच्या कझाकस्तानात गेली आणि त्या हिवाळ्यात तेथे विजेची ओढाताण झाली. मलेशियातील मिरी शहरात चोरीच्या विजेवर चालणारी हजाराहून अधिक यंत्रे पोलिसांनी रस्ते दाबण्याच्या रोलरखाली चिरडली. आकडा टाकण्याची विद्या केवळ आपल्याकडेच अवगत आहे, असा गैरसमज नसावा. याउलट भूतानने आपल्या नद्यांच्या जलविद्युतेवर सरकारी कंपनीमार्फत हा उद्योग चालवला. पावसाळ्यात तेथे वीज गरजेहून अधिक असते, हे त्यामागचे कारण. ज्याच्यापाशी अतिरिक्त, स्वस्त वीज आहे त्यालाच ही खाण परवडते, हा या सगळ्याचा इत्यर्थ.

मग घरच्या घरी, प्रामाणिकपणे बिल भरून हा उद्योग केला तर? गणित मांडून पाहू. २०२५ च्या उत्तरार्धात जगातील सर्व यंत्रांची एकत्रित गती सेकंदाला एकावर एकवीस शून्ये इतक्या प्रयत्नांवर पोहोचली. त्यात ‘एस-२१’चा वाटा पन्नास लाखांत एक. एकट्याने दान पडण्याची वाट पाहिली, तर सरासरी पंचाण्णव वर्षे लागतील. म्हणून लोक समूहात सामील होऊन वाट्याप्रमाणे कमाई घेतात. जगात दिवसाला सुमारे ४५० नाणी निघतात. एका यंत्राच्या वाट्याला महिन्याला ०.००२७ नाणे येते. नाण्याचा भाव एक कोटी रुपये धरला, तरी ही कमाई २७ हजार रुपयांची. विजेचा दर दहा रुपये युनिट धरला, तर बिल २५ हजारांच्या वर. घरगुती जोडणीवर इतक्या वापराला वरच्या टप्प्याचा, याहूनही महाग दर लागतो. पुढे प्राप्तिकर. १ एप्रिल २०२२ पासून अशा उत्पन्नावर ३० टक्के कर आहे आणि खाणीच्या उभारणीचा खर्च त्यातून वजा करता येणार नाही, असे केंद्र सरकारने मार्च २०२२ मध्ये लोकसभेत स्पष्ट केले आहे. २७ हजारांतून कराचे ८,१०० गेले, उरलेल्या १८,९०० मधून २५ हजारांचे बिल भरायचे. यंत्राची लाखांतील किंमत यात अजून धरलेलीच नाही.

हे गणित ठाऊक नसल्याचा लाभ कसा घेतला गेला, याचे उदाहरण दूरचे नाही. ‘गेनबिटकॉइन’ नावाची योजना दिल्लीच्या अमित भारद्वाज याने चालवली आणि तिचे जाळे महाराष्ट्रात खोलवर पसरले. लोकांनी आपली बिटकॉइन द्यायची, त्यांतून उत्खननाची यंत्रे चालतील आणि ठेवीवर दरमहा दहा टक्के, तेही बिटकॉइनमध्येच, अठरा महिने मिळत राहतील, असे सांगण्यात आले. माणसामागे माणूस जोडणाऱ्यास वेगळे कमिशन. म्हणजे एक नाणे ठेवणाऱ्यास दीड वर्षात एक पूर्णांक आठ नाणी. मोठमोठ्या हॉटेलांत मेळावे भरले. बिटकॉइनचा रुपयातील भाव २०१७ मध्ये वेगाने चढत होता, त्यामुळे शंका घेणाऱ्यालाच लोक वेड्यात काढत.

त्याच वर्षी काठिण्याचे काय झाले, ते पाहा. जानेवारी २०१७ मध्ये ते सुमारे ३१८ अब्ज होते. डिसेंबरअखेर १,८७३ अब्ज. जवळजवळ सहापट! याचा सरळ अर्थ असा, की जानेवारीत एखादे यंत्र महिन्याला जेवढी नाणी देत होते, त्याच्या सहाव्या हिश्शाइतकीच डिसेंबरात देऊ शकत होते. प्रत्येक पंधरवड्यात उत्पन्न बदलणाऱ्या यंत्राच्या बळावर अठरा महिने एकसारखा दहा टक्के परतावा देण्याचे वचन, हे दुष्काळातही विहिरीचे पाणी पावसाळ्याइतकेच राहील असे लिहून देण्यासारखे होते. ते पाळायचे, तर एकच मार्ग उरतो: नव्याने येणाऱ्याची ठेव जुन्याच्या हातावर ठेवणे. पुढे बिटकॉइनऐवजी ‘एमकॅप’ नावाचे स्वतःचेच नाणे हाती टेकवण्यात आले, ज्याला बाजारात किंमत उरली नाही.

पुण्यात गुन्हे नोंदले गेले, २०१८ मध्ये भारद्वाजला अटक झाली, २०१९ मध्ये जामीन मिळाला आणि जानेवारी २०२२ मध्ये त्याचा मृत्यू झाला. पुढे मार्च २०२२ मध्ये पुणे पोलिसांनी तपासाला साहाय्य करण्यासाठी घेतलेल्या दोन तज्ज्ञांनाच, जप्त नाणी परस्पर वळवल्याच्या आरोपावरून, अटक केली. आरोप सिद्ध झाला, तर कुंपणानेच शेत खाल्ले असे म्हणावे लागेल. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निरनिराळ्या राज्यांतील गुन्हे सीबीआयकडे सोपवले. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुणे, कोल्हापूर, नांदेडसह देशभर साठ ठिकाणी झडत्या झाल्या. तपासयंत्रणांच्या म्हणण्यानुसार ही रक्कम ६,६०० कोटी रुपयांच्या घरात आहे. ठेव अडकणे म्हणजे काय, हे जळगावकरांना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. भाईचंद हिराचंद रायसोनी पतसंस्थेत २०१४-१५ च्या सुमारास अडकलेल्या ठेवींसाठी निवृत्त शिक्षकांनी आणि विधवा माता-भगिनींनी किती उंबरठे झिजवले, ते या गावाने पाहिले आहे. पतसंस्थेला निदान पत्ता होता, इमारत होती. येथे तर पत्ता म्हणजे अक्षरे-आकड्यांची एक लांबलचक ओळ.

अशी योजना घेऊन कोणी नातलग किंवा परिचित घरी आला, तर त्याला चार गोष्टी जरूर विचाराव्यात. यंत्रे कोणती आणि किती. ती कोणत्या गावात, कोणत्या मीटरवर चालतात. मागील महिन्याचे वीजबिल कोठे आहे. आणि पुढील पंधरवड्यात काठिण्य वाढले, तर ठरलेला परतावा कोणाच्या खिशातून येणार? पहिल्या तीन प्रश्नांना छायाचित्रे दाखवून उत्तर देता येते. चौथ्याला तसे देता येत नाही.